बुटाखालचं मीठ

अनुमकोपे, घाना
२० फेब्रुवारी १९८३

चि. तेये यास,
देदेताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी खुशाली कळत नाही म्हणून जीव टांगणीला लागला आहे. नायजेरियाने आपल्या घानाच्या माणसांना देशाबाहेर काढायला सुरुवात केल्यापासून मोठ्या रस्त्यावर रोज ट्रक थांबतात. त्यातून उतरणारी माणसं ओळखू येत नाहीत, इतकी धुळीने माखलेली असतात. शेजारचा पादी आला. लागोसमध्ये इतकी वर्षं गवंडीकाम करून त्याने आणलं काय, तर एक टेपरेकॉर्डर आणि सुजलेले पाय. त्याला तुझ्याबद्दल खोदून खोदून विचारलं. सरकारी शाळेतल्या मास्तरांना हात लावत नाहीत, असं तो म्हणाला. पण तो म्हणाला एवढ्याने माझं समाधान होत नाही. तुझ्या हातचं पत्र हवं.

इथे पाऊस नाही. मळे वणव्यात गेले, मका उगवलाच नाही. केंकेचे, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे, उकडलेले गोळे लिंबाएवढे झाले आहेत आणि त्याच्यासाठीसुद्धा रांग लावावी लागते. गळ्याखालची हाडं वर आलेला माणूस दिसला की सरकारने ह्याला हार घातला, असं म्हणून लोक हसतात. माझ्याही गळ्यात तो हार आहे. तू येशील तेव्हा आधी ओळख पटवून घे आणि मग पाया पड.

एक बरी गोष्ट सांगते. पाणी आटत गेलं तसं आपलं खाजण पांढरं पडायला लागलं आहे. कोर्लेकी मावशी म्हणते, तिच्या उभ्या आयुष्यात तिने असं मीठ पाहिलं नाही. पुजाऱ्याने वाटेवर काठ्या आडव्या टाकल्या आहेत. तो खाजण उघडेल तेव्हाच आम्ही उतरू. वरच्या मुलखातले व्यापारी मिठाच्या बदल्यात मका द्यायला तयार आहेत, म्हणजे हे वर्ष आम्ही तगून जाऊ.

दुसरी बातमी तुझ्या दाजींची. त्यांना नोकरी लागली. वर नदीला धरण झालं तेव्हापासून खाली ना शिंपले उरले ना मासे. त्यांची होडी अंगणात पालथी पडून होती आणि तिच्यावर बसून ते दिवसभर जाळी विणायचे, कुणासाठी ते देव जाणे. आता खाजणाच्या पूर्वेला एक कंपनी आली आहे. तारेचं कुंपण घातलं आहे आणि राखणदार नेमले आहेत. दाजींना खाकी कपडे मिळाले आणि दर महिन्याला पिवळ्या मक्याचं पोतं मिळणार आहे. पहिल्या दिवशी ते खाकी घालून उगाचच तीनदा पाणी आणायला गेले. माकू बापाला साहेब साहेब म्हणून चिडवत होती. पोरगी एकोणीस वर्षांची झाली, पण जिभेला हाड नाही. मामावर गेली आहे.

तू लग्नाचं बघ. तिकडच्या कुणा मुलीने पसंत केलंच तर आमची हरकत नाही, असं आईच्या वतीने मीच सांगून टाकते.

माया आहेच, ती पोचल्याची खूण म्हणून दोन ओळी तरी धाड.

तुझी,
देदेताई

---

इलोरिन, नायजेरिया
१३ मार्च १९८३

ती. ताईस,
तेयेचा सा. न. वि. वि.

पत्र पादीच्या चुलतभावाकडून मिळालं. मी सुखरूप आहे. पादी खरं बोलला, सरकारी मास्तरांना राहू दिलं आहे. उलट विज्ञान शिकवणारे आमचे दोघे निघून गेल्यामुळे त्यांचेही वर्ग माझ्याच गळ्यात पडले.

तरी सगळं पहिल्यासारखं आहे असं खोटं लिहीत नाही. घरमालक म्हातारा मला मुलासारखा वागवायचा. परवा तो येऊन म्हणाला, मास्तर, काही दिवस पुढचं दार लावून घेत जा, मागल्या दाराने ये-जा कर. त्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याला माझीच काळजी होती. पण मी त्या दिवसापासून स्वतःच्या खोलीत चोरासारखा शिरतो. कोपऱ्यावरची पाववाली मला नावाने हाक मारायची, आता 'ए घाना' म्हणते. तिच्याकडचा पाव मात्र मी सोडलेला नाही, कारण तो चांगला असतो.

दाजींच्या नोकरीचं वाचून आनंद झाला. पण ताई, एक गोष्ट मनातून जात नाही. त्या पूर्वेच्या बाजूलाच तर तुम्ही दर वर्षी मीठ काढता. मग कंपनीने राखणदार ठेवले आहेत ते कुणापासून राखायला? दाजींना एकदा सहज विचार. चिडवायच्या सुरात नको. ते चिडले की तोंड शिवून बसतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

लग्नाबद्दल आईच्या नावाने तू जे लिहिलंस त्याला उत्तर आईलाच देईन, ती स्वप्नात आली की.

माकूला आशीर्वाद. माझ्यावरचा राग-लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
तेये

---

अनुमकोपे
१० एप्रिल १९८३

चि. तेये यास आशीर्वाद. वि. वि.

तू सहज विचारायला सांगितलं होतंस. विचारायची वेळच आली नाही.

पुजाऱ्याने विधी करून काठ्या उचलल्या आणि आम्ही सगळ्या नेहमीसारख्या घमेली घेऊन उतरलो. पाण्यात पाय घातला की तळव्याला मीठ टोचत होतं, इतकं धरलं होतं. बायका गात होत्या. मी, माकू, कोर्लेकी मावशी एका रांगेत होतो. दुपार कलायच्या आत कंपनीचा मुकादम आला. सोबत राखणदार आणि दोन शिपाई, बंदूकवाले. मुकादम म्हणाला, खाजण सरकारने कंपनीला दिलं आहे, तुम्ही काढलेलं मीठ चोरीचं आहे. मावशीने त्याला विचारलं, तू जन्मला नव्हतास तेव्हा मी कुणाचं चोरत होते. तो हसला. मग त्याने राखणदारांना हात केला.

त्यांनी एकेकीचं घमेलं पालथं करायला सुरुवात केली. आपलीच माणसं होती तेये, गावातलीच. कुणी मान खाली घालून करत होतं, कुणी पुटपुटत होतं. माझ्यासमोर जो आला तो माकूचा बाप होता.

मला वाटलं, तो माझ्यावरून पुढे जाईल. त्याने माझ्या हातातून घमेलं घेतलं आणि पालथं केलं. सगळ्या बायका बघत होत्या. माकू बघत होती.

त्या दिवसापासून तो त्याच्या आईकडे जेवतो. मी हाकललं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. त्याच्या मक्याचं अर्धं पोतं त्याने अंगणात आणून ठेवलं आहे. मी ते उघडलेलं नाही. माकूने दोनदा माझ्या नकळत उघडून शिजवलं, ते मला वासावरून कळलं. पोरीला भूक लागते.

विहिरीवर बायका माझ्याशी जपून बोलतात. कुणी मेलेल्या घरात बोलावं तसं. राखणदारांच्या घरच्यांना कुणी हाक मारायची नाही असं ठरलं आहे, पण माझं काय करायचं ते त्यांना ठरवता येत नाही.

आणखी काय लिहू. तू पुढचं दार लावूनच राहा.

तुझी,
देदेताई

---

अनुमकोपे
१७ एप्रिल १९८३

मेहुणे तेये यांस,
नार्तेचा स. न. वि. वि.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, तुम्हाला माहीत आहे. ट्रकवाला उद्या निघणार आहे म्हणून घाईने लिहितो.

तुमच्या ताईने कळवलंच असेल. तिने लिहिलं ते खरं असणार, ती खोटं लिहीत नाही. पण तिने काय पाहिलं नाही ते मी सांगतो. तिच्या रांगेकडे दोघांतला धाकटा शिपाई निघाला होता. त्याने आधी आसीदूच्या बायकोला बंदुकीच्या दस्त्याने ढकललं होतं, तिचं तोंड फुटलं. तुमच्या ताईचा स्वभाव तुम्हाला ठाऊक. तिने घमेलं सोडलं नसतं. म्हणून मी त्याच्या पुढे धावलो. मी केलं नसतं तर त्याने केलं असतं, आणि त्याने नुसतं घमेल्यावर भागवलं नसतं.

नोकरी सोडा असं तुम्ही म्हणाल. सोडून कुठे जाऊ? नदीत मासा नाही. माझी आई आहे, माकू आहे, माझ्या बहिणीची दोन लेकरं आहेत, सगळी त्या पोत्यावर जगतात. गावात आम्हाला कुणी हाक मारत नाही. मुलं मागून खोकतात. मी ऐकून घेतो.

तुम्ही शिकलेले आहात, तुमचं ती ऐकते. तिला एवढं समजावा, की मी तिला वाचवायला गेलो होतो.

तब्येतीला जपा. आमच्यावर दया असावी, लोभ मागायचं तोंड नाही.

आपला,
नार्ते

---

इलोरिन
१ मे १९८३

ती. ताईस सा. न. वि. वि.

दाजींचं पत्र आलं. ते त्यांनी तुला न सांगता लिहिलं असावं, आणि मी ते तुला न दाखवता त्यातलं सांगतो आहे, म्हणजे दोघांशीही जरा लबाडीच. ते म्हणतात, धाकटा शिपाई तुझ्याकडे येत होता, म्हणून ते आधी धावले. आसीदूच्या बायकोचं तोंड त्यानेच फोडलं. तुला ते होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने तुझं घमेलं पालथं केलं.

ताई, हे खरं असेल तर त्या दिवशी त्यांच्याकडे दुसरं करण्यासारखं काय होतं, याचा मी बराच विचार केला. मला सुचलं नाही. मी इथे मागल्या दाराने ये-जा करणारा माणूस. भीतीबद्दल मी कुणाला चार शब्द सांगावेत असा राहिलो नाही.

दाजींना घरी जेवायला बोलाव असं लिहिण्याचा मला हक्क नाही. तरी लिहितो. मक्याचं पोतं तरी उघड. पाव तोडताना मला तुझी हाडं आठवतात.

धाकट्याचा आगाऊपणा पोटात घाल.

तुझा,
तेये

---

अनुमकोपे
१५ मे १९८३

चि. तेये यास आशीर्वाद.

तुझा आगाऊपणा पोटात घातला. पण तुला वाटतं तसं नाही. तो शिपाई मी पाहिला होता. माझे डोळे अजून गेलेले नाहीत. तो माझ्याकडे येत होता, माकूचा बाप मध्ये आला, हे मला त्याच क्षणी कळलं. घमेलं मी घट्ट धरलंच नव्हतं. त्याने हात लावला तसं मी सोडून दिलं. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. कुणी मला तेवढंच विचारलं असतं तर मी बायकांसमोर त्याची बाजू घेतली असती.

पण मीठ खाली पडल्यावर तो त्याच्यावर उभा राहिला. बुटांनी त्याने ते चिखलात रगडलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, ते काळं होईपर्यंत. शिपाई तोवर पुढे निघून गेला होता. मुकादमाची पाठ होती. ते करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या कुठल्याच राखणदाराने तसं केलं नाही.

त्याने तुला हे लिहिलं का? लिहिलं नसणार. कारण त्याला माहीत आहे की मला हेच विचारायचं आहे. म्हणून तो समोर येत नाही.

पोतं उघडलं आहे. कोर्लेकी मावशीकडे काहीच उरलं नव्हतं, तिला अर्धं दिलं. तिने विचारलं, राखणदाराचा मका का. मी म्हटलं, हो, राखणदाराचाच. तिने चावून चावून खाल्ला आणि म्हणाली, मका चांगला आहे, माणसाचं बघू.

पाऊस पडायच्या आत आम्ही पुन्हा उतरणार आहोत. या वेळी सगळ्या जणी. नको म्हणून लिहू नकोस, पत्र पोचेपर्यंत होऊन गेलेलं असेल.

काळजी करू नको म्हटलं तरी तू करणारच, तर थोडी कर.

तुझी,
देदेताई

---

अनुमकोपे
२९ मे १९८३

ती. मामास,
माकूचा शि. सा. न. वि. वि.

आई लिहू शकत नाही म्हणून मी लिहिते. घाबरू नकोस, आई जिवंत आहे, धड आहे. फक्त ती सारखी तालुक्याला चालत जाते आणि घरी आली की भिंतीला टेकून बसते.

गेल्या आठवड्यात आम्ही खाजणात उतरलो. शिपायांनी ज्या सापडल्या त्यांना कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंडलं. आई आणि कोर्लेकी आजी त्यात होत्या. मी पळाले, मामा. मला त्याची लाज वाटते, पण आईच पळ म्हणाली. मुकादम कुलूप लावून शिपायांना घेऊन तालुक्याला गाडी आणायला गेला. जाताना म्हणाला, आम्ही येईपर्यंत दार उघडायचं नाही. शेडपाशी पहाऱ्यावर बाबा होते, आणि आणखी एक जण.

ऊन असं होतं की पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटावी. आम्ही कुंपणाबाहेर उभ्या होतो. बाबांनी फटीतून पाणी दिलं, कप आत जात नव्हता म्हणून कापड भिजवून दिलं. आतून बायका दार बडवत होत्या. मग बडवणं थांबलं. नंतर आईचा आवाज आला. तिने बाबांना नाव घेऊन हाक मारली, किती दिवसांनी. ती रडत नव्हती, विनवत नव्हती. एवढंच म्हणाली की मावशीचे डोळे फिरलेत आणि तिला घाम यायचा थांबला आहे.

दुसरा राखणदार म्हणाला, नार्ते, वेडेपणा करू नकोस. बाबांनी पहारीने कडी उचकटली. कुलूप तसंच लटकत राहिलं आणि दार उघडलं. बाबांनी आजीला पाठीवर घेतलं आणि कुंपणाबाहेर आमच्यापाशी आणून ठेवलं. बाकीच्या पळाल्या. दुसरा राखणदारही पळाला. बाबा मात्र शेडपाशी परत गेले. मी ओरडले की चला, तर म्हणाले, मी गेलो तर ते घरोघर शोधायला येतील. दारात बसून राहिले. गाडी आली आणि शिपायांनी त्यांना तिथेच बडवलं, आम्हाला ऐकू येत होतं. मग गाडीत घालून नेलं.

कोर्लेकी आजी शुद्धीवर आली होती. काल ती गेली. आज तिला पुरलं. या वर्षी मयताला ढोलवाल्यांना खाऊ घालायला कुणाकडे काही नाही, म्हणून बायकांनी नुसत्या टाळ्यांवर गाणी म्हटली.

बाबांना कुठे ठेवलं आहे ते तालुक्याच्या छावणीत कुणी सांगत नाही. आई डबा घेऊन जाते आणि डबा तसाच परत आणते.

मामा, तू ये किंवा कुणाला तरी ओळखत असलास तर लिही. मला दुसरं काही सुचत नाही.

तुझी भाची,
माकू

---

इलोरिन
१२ जून १९८३

चि. माकूस आशीर्वाद. ती. ताईस सा. न.

मला निघायला परवानगी मिळत नाही, आणि हद्द ओलांडली तर परत येऊ देतील याची खात्री नाही. इथली नोकरी गेली तर तुम्हाला दोन डबे दूध पाठवणारंही कुणी उरणार नाही. हे मी लिहितो आहे आणि मलाच माझं शहाणपण नकोसं झालं आहे. आक्राला एक जुना वर्गमित्र वकील आहे, त्याला लिहिलं. तो जाईल की नाही, सांगता येत नाही.

माकू, तू पळालीस म्हणून ही हकिगत सांगायला उरलीस. त्याची लाज धरू नकोस.

ताई, तुझ्या मागच्या पत्रातल्या प्रश्नावर मी दाजींना लिहायला बसलो होतो. ते पत्र अर्धंच राहिलं. ते तुम्हा दोघांतलंच आहे. ते परत यावेत आणि तुला विचारता यावं, एवढंच मागतो.

ट्रकवाल्याबरोबर दूध, साबण आणि औषधाच्या गोळ्या दिल्या आहेत. पिशवी फोडलेली दिसली तर कळव.

माझी आठवण काढताना फार कठोर होऊ नका.

तुमचा,
तेये

---

अनुमकोपे
३ जुलै १९८३

चि. तेये यास,
देदेताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पिशवी पोचली. दुधाचा एक डबा ट्रकवाल्याने प्यायलेला दिसतो, पण त्याचीही मुलं असतील.

माकूचा बाप सुटला. तुझा वकील आला नाही. बायका गेल्या. कोर्लेकी मावशीच्या मयताची काळी-तांबडी वस्त्रं कुणी उतरवलीच नव्हती. त्याच वस्त्रांत सगळ्या जणी छावणीच्या फाटकासमोर जाऊन बसल्या. ज्या त्याला हाक मारत नव्हत्या त्याच. आसीदूची बायकोसुद्धा आली, तिचा पुढचा दात गेला आहे. मी तिला म्हटलं, तू नको येऊस, तुझं देणं नाही. ती म्हणाली, मी त्याच्यासाठी नाही आले, मावशीला पाठीवर घेतलं त्या पाठीसाठी आले. शिपायांनी धमकावलं, पाणी टाकलं. मयताच्या कपड्यातल्या बायकांवर हात टाकायला ते कचरतात, हे मला तिथे कळलं. त्यांनी उठा म्हटल्यावर आम्ही उठलो नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलो, आणि असं चालू राहिलं. शेवटी त्यांनाच आमची गाणी असह्य झाली असावीत. एका दुपारी फाटक उघडून त्याला बाहेर सोडलं, जसं कुणी कोंबडं सोडतं.

डावा कान गेला आहे. उजव्याने थोडं ऐकू येतं. हाताची दोन बोटं वाकडी जुळली, जाळं विणायचं आता कठीण. तो आईकडे जायला वळला तेव्हा मी म्हटलं, घरी चल. त्याला ऐकू आलं नाही. मग मी हात धरून वळवलं.

पाऊस सुरू झाला आहे. खाजण भरलं, मीठ विरून गेलं, आमचं आणि कंपनीचं दोघांचं. राखणदारांना काढून टाकलं. पाटी आणि कुंपण मात्र उभं आहे, म्हणजे कोरड्या दिवसांत ते परत येतील. आम्हीही असूच. बायकांनी आतापासून बैठका धरल्या आहेत आणि मावशीच्या जागी मला बसवतात. मला तिच्यासारखं बोलता येत नाही.

आता ते सांगते जे तुला ऐकायचं आहे. काही दिवस मी थांबले. माणूस धड जेवत नव्हता, त्याला काय विचारायचं. परवा संध्याकाळी त्याला जरा बरं वाटत होतं. मी शेजारी बसले आणि हळूच विचारलं, माझ्या मिठावर तू का उभा राहिलास. त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. तो कान पुढे करून 'काय?' म्हणाला. शेवटी मला ओरडून विचारावं लागलं. इतके महिने दाताखाली धरलेला प्रश्न अख्ख्या आवारात गेला. पलीकडे केंके उकडणाऱ्या बायकांचे हात थांबले. माकू दारात आली.

बहिरा माणूस आपला आवाज किती मोठा होतो ते जाणत नाही. तोही ओरडूनच म्हणाला. तू माझ्याकडे बघत होतीस, म्हणाला. तू खाली बघितलं असतंस तर मी घमेलं टाकून निघून गेलो असतो. तू बघत राहिलीस आणि मला तुझा राग आला. मिठावर नाही, तुझ्यावर पाय देत होतो.

तेये, मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. भीतीने केलं म्हणाला असता, मुकादमाला दाखवायला केलं म्हणाला असता, तर मी त्याला त्याच्या आईकडे पोचवून येणार होते, आणि जन्मभर भाकरी पाठवणार होते, पण घरात नाही. ते मी ठरवून टाकलं होतं. हे उत्तर त्यात नव्हतं. त्यावर काय करायचं ते मी ठरवलंच नव्हतं.

मग पलीकडच्या बायकांनी पुन्हा कामाला हात लावला. मी उठले आणि वाढायला घेतलं. तुझे दाजी जेवले. मी समोर बसले होते, आणि ते जेवत असताना मी खाली बघितलं नाही.

दूध माकू पिते. तू पुढच्या दाराने ये-जा करायला लागलास की मला आवर्जून कळव, मी त्या पत्राची वाट बघेन.

तुझी,
देदेताई